दोन रजिस्टरं आणि एक आजी

पहाटे ५.३०

मृग लागून चार दिवस झाले. काल रात्रीच्या पावसाने पंचगंगेला लाल पाणी आलंय. वरच्या अंगाला बंधाऱ्यांचे बरगे काढल्यामुळे उन्हाळाभर तुंबलेलं काळं पाणीही त्याच्यासोबत खाली उतरलंय. गावाच्या उंच टाकीखाली तात्या बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवत उभे आहेत. चुन्यासारखा गाळ तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची, ही त्यांची रीत. सरकारी कागदावर त्यांना जलसुरक्षक म्हणतात. गावात ते नुसते तात्या. मानधन ग्रामपंचायत देते, दिलं त्या महिन्यात.

माझ्या संशोधनाचा विषय कागदावर भारदस्त आहे : शासनयंत्रणा, पाण्याची सुरक्षितता आणि मानवी आरोग्य. तात्यांनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "म्हंजे नेमकं करता काय?" पाणी खराब झाल्याचं सरकारला कधी कळतं, आणि कळल्यावर सरकार काय करतं, ते लिहून काढते, असं मी सांगितलं. "मग कागुद लई लागतील की," तात्या म्हणाले.

आज त्यांनी नेहमीपेक्षा एक वाटी पावडर जास्त घातली. बरोबरच केलं. गढूळ पाण्यातली माती आणि कुजका पाला क्लोरीन आधी खाऊन टाकतात, जंतूंच्या वाट्याला उरेल ते उरेल. पण वाटीचा हिशेब पावडर ताजी असेल तरच खरा. नव्या पोत्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. तोंड उघडं टाकलेल्या पोत्यातून दमट हवेत तो उडत जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर तपासणीत निकृष्ट ठरते. इथलं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात आहे. तोंडाला सुतळी आहे, पण बांधलेली नाही. मी ते वहीत लिहिते आणि सुतळी बांधते. संशोधकाने जे पाहतोय त्यात ढवळाढवळ करू नये, हे मला शिकवलेलं आहे. पण सुतळी बांधण्याला कोणी हरकत घेईल असं वाटत नाही.

सकाळी ७.००

पाण्याची पाळी सुरू झाली. टाकीपासच्या वरच्या आळीत पहिल्या नळाखाली परीक्षानळी धरली, ओटीचे थेंब टाकले, पाणी लगेच चांगलं पिवळं झालं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. मोकळा क्लोरीन किती आहे हे पाहायचं तर रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचावा लागतो. नंतर तो गडद होत जातो आणि त्यात दुसऱ्या जातीचा क्लोरीनही मोजला जातो. नळी तशीच हातात धरून शेजारणीशी बोलत राहिलेल्या माणसाला पाणी कायम सुरक्षितच दिसतं.

तिथून चालत खालच्या गल्लीत. इथे पाइप संपतो. गटार त्याला चिकटून जातं, आणि व्हॉल्वच्या खड्ड्यात बाराही महिने पाणी असतं. त्याच ओटीने इथे पाण्याला जेमतेम पिवळसर झाक आली, आणि तीही आहे की नाही यावर तात्यांचं आणि माझं एकमत झालं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. विषाणूंपासून राखण करायची असेल तर ०.५.

हंडा भरायला आलेल्या काकूंचं मत निराळं होतं. "वरच्या आळीच्या पाण्याला औषधाचा लई वास मारतोय म्हणं. आमच्या नळाला न्हाई. आमचं पाणी चांगलं हाय."

या एका वाक्यासाठी मी पुण्याहून येते असं म्हटलं तरी चालेल. औषधाचा वास आला की वरची आळी सरपंचांकडे जाते, सरपंच तात्यांना बोलतात, तात्या वाटी कमी करतात. ज्या गल्लीत औषध पोचतच नाही तिथून तक्रार कधीच येत नाही, उलट कौतुक येतं. लोकांच्या तक्रारींवर चालणारा कारभार चांगला, असं आपण मानतो. इथे तो कारभार दर आठवड्याला क्लोरीन थोडाथोडा उतरवत नेतो.

काकूंना हे कसं सांगावं? "वास येतो तेच पाणी घ्या," असं तात्या त्यांना सांगून दमले. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणी संचावर पाणी तपासायला शिकवायचं होतं. या गावातल्या पाचांपैकी एक याच गल्लीत राहते. संच शाळेच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या गुरुजींकडे.

पाणी इथे एक दिवसाआड येतं. हे टिपून ठेवायला हवं, कारण पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा होतो आणि सांध्यांतून बाहेरचं आत ओढतो. पुन्हा पाणी सोडलं की त्या बाहेरच्याची पहिली खेप खालच्या गल्लीला मिळते.

सकाळी ९.३०

उपकेंद्र. आरोग्यसेवक भाऊ नमुने घेऊन निघायच्या गडबडीत आहेत. निर्जंतुक बाटली, आत सोडियम थायोसल्फेटचे कण, नळाचं तोंड तापवून मग भरायचं, वर थोडी जागा सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवायचं. थायोसल्फेट नसेल तर बाटलीत उरलेला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो, आणि प्रयोगशाळेत पोचतं ते नळाच्या पाण्याहून स्वच्छ पाणी.

भिंतीवर गावाचं कार्ड आहे, पिवळं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. तीव्र जोखमीच्या ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यमला पिवळं, सौम्यला हिरवं. वर्षानुवर्षं हिरवं राखणाऱ्यांना चंदेरी. मला ही पद्धत मनापासून आवडते. अहवालातली टक्केवारी ग्रामसभेत कोणी वाचत नाही, पण लाल कार्ड मिळालं की सगळ्या तालुक्यात चर्चा होते. तिची एक अडचण आहे. कार्ड सगळ्या ग्रामपंचायतीला मिळतं. वरची आळी आणि खालची गल्ली एकाच पिवळ्या रंगात बसतात.

भाऊंनी जाता जाता सांगितलं, "मॅडम, काविळीचे आणखी दोन. दोन्ही खालच्या गल्लीतले. रक्त ग्रामीण रुग्णालयाला दिलंय."

सकाळी ११.३०

तालुक्याची प्रयोगशाळा. एका बाजूला रसायन विभाग : नायट्रेट, फ्लोराइड, क्षार. दुसऱ्या बाजूला जंतूंचा. इथल्या अणुजीवशास्त्रज्ञ कंत्राटी आहेत. करार दर वर्षी नवा होतो, हात मात्र मुरलेले आहेत. बाटली उघडली की आधी वास घेतात. "ही बघा, नमुन्यातच पावडर घातलीय. मुद्दाम म्हणत नाही मी. कुणी घाबरून घालतं." लाल कार्डाची भीती अशीही काम करते.

मॅकॉन्कीच्या जांभळ्या माध्यमाच्या नळ्या रांगेत लागल्या. प्रत्येकीत एक छोटी उलटी नळी. ३७ अंशांना २४ ते ४८ तास ठेवायचं. कोलिफॉर्म असतील तर माध्यम पिवळं होतं आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. मग त्यातून ई. कोलाय वेगळा काढायचा, त्यालाही वेळ. शंभर मिलिलिटरमध्ये तो एकही असता कामा नये.

म्हणजे आज भरलेल्या पाण्याचा निकाल परवा किंवा तेरवा. तोवर ते पाणी पिऊन झालेलं, आणि पाण्याची पुढची पाळीही होऊन गेलेली. यात प्रयोगशाळेचा काही दोष नाही. जंतूला वाढायला लागतो तेवढा वेळ लागणारच. तात्यांची दहा सेकंदांची ओटी आणि इथले दोन दिवस यांतलं काय जास्त मोलाचं, असं मला विचारलं तर मी ओटी म्हणेन. पण खर्चाच्या तरतुदीत, प्रशिक्षणात, आढावा बैठकीत बोलबाला प्रयोगशाळेचा असतो. तिचे आकडे वर पाठवता येतात. नळीतला पिवळा रंग पाठवता येत नाही.

मला मागच्या दोन महिन्यांचं रजिस्टर हवं होतं. बाईंनी खुर्ची दिली आणि पंखा माझ्याकडे वळवला. खालच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाचा एक नमुना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला, शेरा 'पिण्यास अयोग्य'. मेमध्ये फेरनमुना, शेरा 'योग्य'.

दुपारी १.३०

डबा. मुगाची उसळ आणि भाकरी. बाईंच्या ठेच्याबद्दल स्वतंत्र लेख होईल.

दुपारी २.१५

पंचायत समिती. मला त्या एप्रिलच्या 'अयोग्य' शेऱ्याचा प्रवास पाहायचा आहे. आवक-जावक नोंदवह्यांतून कागदाचा माग काढणं हे या संशोधनातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि मला तेच सर्वांत जास्त आवडतं. नमुना घेतला तो दिवस, प्रयोगशाळेत पोचला तो दिवस, अहवालावर सही झाली तो, जावक क्रमांक पडला तो, इथे आवक झाली तो, ग्रामपंचायतीकडे रवाना झाला तो. शनिवार-रविवार, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, लग्नसराईतली रजा. कागदाने गाव गाठलं तेव्हा मेचा दुसरा आठवडा उजाडला होता. उत्तर त्याच दिवशी परत आलं : 'टीसीएल टाकून पाणी शुद्ध करण्यात आले आहे.' त्याचा शिक्काच केलेला आहे.

यात कोणी खोटं बोललं नाही, हे मला ठासून सांगायचंय. प्रत्येक टेबलावर कागद एक-दोन दिवसच थांबला. शिक्काही खरा आहे. तात्यांनी पावडर टाकलीच होती, रोजच टाकतात. फेरनमुना 'योग्य' आला तोही खरा. फक्त गल्लीतल्या व्हॉल्वच्या खड्ड्याकडे कोणी गेलं नाही, कारण अहवालात तो खड्डा नव्हता. अहवालात नळाचा सांकेतिक क्रमांक होता.

आणि हा कागद आरोग्य विभागाच्या कोणत्याही फायलीत गेला नाही. पाण्याची नोंद होते स्रोताच्या नावाने : अमुक विहीर, तमुक नळ. आजाराची नोंद होते रुग्णाच्या नावाने आणि उपकेंद्राच्या हद्दीने. दोन खात्यांची दोन रजिस्टरं, एकाच इमारतीत, मध्ये एक जिना.

दुपारी ४.००

उपकेंद्राचं रजिस्टर सकाळी भाऊंकडे पाहिलं होतंच. त्यात रुग्ण आला ती तारीख असते, दुखणं सुरू झालं ती नसते. शिवाय काविळीचा माणूस आधी रुग्णालयात जात नाही. तो आजींकडे जातो.

आजी रविवारी आणि बुधवारी काविळीचं औषध देतात. पैसे घेत नाहीत. आज बुधवार, ओसरीवर चार माणसं बसलेली. झाडपाल्याचा रस पाजायचा, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायचे. पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणतात. सकाळी सातला पिवळं पाणी पाहून मला बरं वाटलं होतं, म्हणून इथे हसू आलं, ते दाबलं. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांचा आपोआप बरा होतो, त्यामुळे श्रेय कोणालाही घेता येतं. आजींना मी हे ऐकवत नाही. मला त्यांच्याकडून तारखा हव्या आहेत, आणि तारखांच्या बाबतीत आजी कोणत्याही संगणकाला हार जाणार नाहीत.

"पहिला पोरगा आला तो जोतिबाच्या रविवारी. डोळं पिवळं व्हायच्या आधी पाच दिस जेवत न्हवता. मग त्याची चुलती. ती आली कवा, तर वटपौर्णिमा व्हायची व्हती." गल्ली, घर, नातं, कोण कोणाच्या नळावर भरतं, सगळं तोंडपाठ. दुखणं कधी लागलं हे त्या मुद्दाम विचारतात, कारण त्यावर औषधाचे दिवस ठरतात. सरकारी रजिस्टरात नसलेला तो एकच रकाना आजींच्या डोक्यात भरलेला आहे.

गरोदर बाई आली तर काय करता, विचारलं.

"तिला म्या हात लावत न्हाई. सरळ सीपीआरच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हंते. इचलकरंजीला साथ आली त्या सालापास्नं."

ते साल २०१२. शहराच्या पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती, हिपॅटायटिस ईची. हा विषाणू एरवी माणसाला आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळवतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या दर चार-पाच बायकांतली एक दगावू शकते. आजींना आकडा ठाऊक नाही. नियम मात्र त्यांनी नेमका केला आहे.

संध्याकाळी ६.३०

भाड्याची खोली, लॅपटॉप, चहा. आता खरं काम. एका बाजूला पाण्याच्या तारखा, दुसऱ्या बाजूला आजाराच्या, आणि मधला फरक मोजायचा.

ही युक्ती जुनी आहे. जॉन स्नो म्हटलं की लंडनच्या पंपाचा दांडा काढल्याची गोष्ट सगळ्यांना आठवते. त्याचं थोर काम त्याच वर्षी, १८५४ साली, दुसरीकडे झालं. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने पाणी उचलायची जागा १८५२ मध्ये थेम्सच्या वरच्या अंगाला, सांडपाण्याच्या पलीकडे हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलने हलवली नव्हती. मृत्युनोंदीच्या सरकारी कार्यालयातून पटकीच्या बळींचे पत्ते घेऊन स्नो दारोदार हिंडला आणि प्रत्येक घरी पाणी कोणाचं, एवढंच विचारत गेला. दर दहा हजार घरांमागे साउथवर्ककडे ३१५ मृत्यू, लॅम्बेथकडे ३७. मृत्यूंची नोंद आणि घरोघरच्या पाण्याची माहिती, दोन्ही आधीपासून होत्या. एकमेकींशेजारी कोणी ठेवल्या नव्हत्या.

पटकीत हे सोपं पडतं, कारण लागण झाल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत माणूस आजारी पडतो. काविळीत एका हाताला पाणी असतं आणि दुसरा हात दीड महिना दूर. हिपॅटायटिस एला साधारण चार आठवडे लागतात, ईला दोनपासून दहापर्यंत. आजींच्या तारखांवरून मी मागे मोजत गेले. बरीचशी माणसं येऊन थांबतात ती एप्रिलच्या शेवटच्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यावर. 'अयोग्य' शेऱ्याचा नमुना त्याच दिवसांतला. नदी आटलेली, पाणी एक दिवसाआड, पाइप रिकामा.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. तो अहवाल पंधरा दिवस उशिरा पोचला म्हणून दुपारी मी चरफडले. जुलाबांसाठी तो उशीर घातकच. पण काविळीसाठी तो कागद मेच्या दुसऱ्या आठवड्यातही लवकर आलेला होता. ज्यांनी ते पाणी प्यायलं त्यांतल्या बहुतेकांचे डोळे अजून पांढरे होते. त्या दिवशी कोणी जिना चढून तो आरोग्य विभागात दिला असता, तर पुढचे सहा आठवडे कोणत्या गल्लीत लक्ष ठेवायचं, गल्लीतल्या कोणत्या गरोदर बायकांना पाणी उकळून प्यायला सांगायचं, हे ठरवता आलं असतं. आपल्याकडे अहवाल उशिरा आला की तो फायलीला लावून मोकळे होतात.

आणि फेरनमुना? 'योग्य' म्हणजे कोलिफॉर्म नाहीत. विषाणू क्लोरीनला जंतूंहून चिवट असतात. याचा दाखला दिल्लीचा आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला यमुनेतून पाणी उचलायच्या जागी शिरलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसांनी धोका ओळखला आणि क्लोरीन वाढवला. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र २९,३०० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० मध्ये ती हिपॅटायटिस ए नसल्याचं समोर आलं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधक होते. त्या केंद्रावरच्या लोकांनी आपल्या परीने सगळं नीट केलं होतं आणि जंतूंची तपासणीही त्यांच्या बाजूने उभी राहिली असती. मानकातला ०.२ आणि ०.५ मधला फरक मला दिल्लीमुळे कळला.

आज पहाटे टाकीत चढलेल्या त्या काळ्या-लाल पाण्याचा हिशेब मला श्रावणात लागेल. तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवली.

रात्री ८.४५

भाऊंना फोन केला. एप्रिलचा शेरा, आजींच्या तारखा, व्हॉल्वचा खड्डा, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही, मग, "मॅडम, तो एप्रिलचा रिपोर्ट मला कुणी दाखवलाच न्हाई."

"गल्लीत गरोदर किती आहेत?"

"तिघी. आशाताईंच्या यादीत हायेत. उकळून प्यायला आज रातीच सांगतो." मग म्हणाले, "उद्या पाणी बंदचा दिवस. पाइप रिकामा असताना खड्डा उपसून सांधा बघूया का? तात्यांना म्या सांगतो. तुम्ही फक्त बाटल्या आणा, थायोसल्फेटच्या. आमच्याकडच्या संपल्यात."

बाई प्रयोगशाळा दहाला उघडतात. बाटल्यांसाठी त्यांना आत्ताच फोन करायला हवा.